शब्दचर्चा : सर्फॅक्टंटने द्रावण 'दाट' होतं की 'घट्ट'?

एका लेखाचं मराठी करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडलेय. वाक्य साधंच आहे, पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या (लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पदार्थाच्या) द्रावणात सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ, रेणूचं डोकं पाण्याशी पटणारं, शेपटी तेलकट) टाकला की ते थिक होतं. आता थिक म्हणजे दाट की घट्ट? आणि व्हिस्कॉसिटीला (द्रव वाहायला किती अडतो त्याला) श्यानता लिहू की विष्यंदिता? सर्फॅक्टंटला पृष्ठक्रियाकारक सापडला, तो वाचतानाच दम लागतो.

— घट्ट लिहा. दाट म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त माल, दाट झाडी, दाट केस. इथे सर्फॅक्टंट पडतो चिमूटभर, घनता जवळपास तीच राहते, बदलतं ते आतलं एकमेकांना धरणं. काही सुधारित सेल्युलोज हे असेच पॉलिमर, त्यांच्या लांब साखळीवर मधेमधे तेलकट, पाण्याशी न पटणारे तुकडे लावलेले असतात, सर्फॅक्टंटची शेपटी पण त्याच जातीची, मग शेपट्या त्या तुकड्यांभोवती गोळा होऊन झुबका करतात (मायसेल म्हणतात तो हाच) आणि एकाच झुबक्यात दोन साखळ्यांचे तुकडे अडकले की पडली गाठ. अशा गाठींचं जाळं झालं की संपलं. मी केलंय हे बीकरमध्ये, एसडीएसचं (सोडियम डोडेसिल सल्फेट, एक नेहमीचा सर्फॅक्टंट) पाणी थेंबथेंब सोडत काचेची कांडी फिरवायची, आधी काहीच नाही, मग हाताला ओढ लागते, कांडी उचलली की खाली लोंबायला लागतं.

— म्हणजे जेवढा जास्त टाकू तेवढं घट्ट?

— छे, तिथेच तर गंमत आहे. एसडीएस नुसत्या पाण्यात साधारण ८ मिलिमोलरला (लिटरमागे ८ मिलिमोल एवढ्या प्रमाणाला) मायसेल करायला लागतो, घट्टपणाचा कळस बऱ्याचदा त्याच्याच आसपास येतो. त्यापुढे टाकत गेलात तर झुबके इतके होतात की प्रत्येक तुकड्याला आपापला मिळतो, भागीदारी मोडते, गाठी सुटतात आणि द्रावण परत पातळ. म्हणून पण घट्टच बरा, घट्टला सैल पडता येतं, दाटला नाही.

— विष्यंदिता नको हो. स्यंद् म्हणजे वाहणं, पाझरणं, म्हणजे अर्थ उलटाच झाला, इंग्रजीशी उच्चार जुळतो म्हणून घेतला असावा असा माझा आपला संशय. श्यान म्हणजे थिजलेलं, तो बरोबर. चिकटपणा पण टाळा, बोटाला चिकटणं वेगळं, जरी व्हिस्कॉसिटीचं मूळ लॅटिन विस्कम म्हणजे बांडगूळ आणि त्याच्या फळांचा पक्षी धरायचा लासा असला तरी. आणि सर्फॅक्टंट तसाच ठेवा, तो इंग्रजीतही सर्फेस ॲक्टिव्ह एजंट पिळूनच केलाय, शिवाय पृष्ठ म्हटलं की वाचणारा वरवर बघत बसणार आणि इथलं काम तर सगळं आत चाललंय.

— मग असं करते : "सर्फॅक्टंट थोडा असताना साखळ्यांमध्ये गाठी पडून द्रावण घट्ट होतं, जास्त झाला की सैल पडतं." श्यानता फक्त आलेखाखाली.

— 'थोडा' काढून 'बेताचा' घाला. अगदीच थोडा असला तर काहीच होत नाही.