सेबीचे अधिकार ‘कार्यकारी’ म्हणावेत का?

प्रश्न : शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीविषयीच्या एका अहवालाच्या अनुवादात मी ‘सेबीचे कार्यकारी अधिकार’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘नियामक अधिकार’ केले, कारण कार्यकारी अधिकार केवळ सरकारला असतात, असे त्यांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : संपादकांनी सुचवलेला शब्द योग्य आहे, पण त्यांचे कारण अपुरे आहे. ‘कार्यकारी’ या विशेषणाला येथे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ अधिकार कोणाकडे आहे हे सांगतो : राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींच्या ठायी आहे आणि त्याची व्याप्ती अनुच्छेद ७३ मध्ये दिलेली आहे. दुसरा अर्थ कामाचा प्रकार सांगतो. कायदे करणे आणि न्यायनिवाडा करणे ही दोन कामे वगळल्यावर राज्यकारभाराचे जे काम उरते ते कार्यकारी, असा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या राम जवाया कपूर खटल्यात मांडला होता.

पहिल्या अर्थाने सेबीचा अधिकार कार्यकारी नाही. १९८८ मध्ये ही संस्था सरकारी ठरावाने स्थापन झाली तेव्हा तिच्या पाठीशी स्वतंत्र कायदा नव्हता, त्यामुळे त्या काळापुरता तिचा अधिकार हा सरकारच्या कार्यकारी अधिकाराचाच अंश होता, असे म्हणता येईल. १९९२ च्या अधिनियमाने मात्र संसदेने तिला थेट अधिकार दिले, म्हणून त्या सर्वांना मिळून ‘वैधानिक अधिकार’ म्हणणे मला सर्वांत नेमके वाटते. सिगारेटच्या पाकिटावरील ‘वैधानिक इशारा’ आपल्या परिचयाचा आहे. तेथेही ‘वैधानिक’ म्हणजे कायद्याने घालून दिलेला.

दुसऱ्या अर्थाने पाहिले तर सेबीच्या अधिकाराचा एक भाग नक्कीच कार्यकारी आहे, परंतु तो एक भागच. क्लॅरियंट इंटरनॅशनल प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सेबी विनियम (म्हणजे अधिनियमाखालील तपशीलवार तरतुदी) करताना कायदे करण्याचे, ते राबवताना कार्यकारी आणि त्यांतून उद्भवलेल्या वादांचा निर्णय देताना न्यायिक स्वरूपाचे काम करते. (वृत्तपत्रे सरसकट ‘सेबीचे नियम’ लिहितात, पण १९९२ च्या अधिनियमात नियम करते केंद्र सरकार आणि विनियम करते सेबी, हा भेद अनुवादात अवश्य पाळावा.)

हा भेद केवळ शब्दांचा नाही. सेबीच्या अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयासारखा निवाडा करणाऱ्या, आदेशाविरुद्ध रोखे अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते, पण तिच्या प्रशासकीय परिपत्रकाविरुद्ध तेथे अपील चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. म्हणजे दंडाच्या आदेशालाही अनुवादकाने ‘कार्यकारी’ म्हटले, तर दाद कोठे मागायची याविषयी वाचकाची दिशाभूल होऊ शकते.

प्रतिप्रश्न : परंतु सेबीचा अध्यक्ष केंद्र सरकार नेमते आणि धोरणाच्या बाबतीत सेबीला निर्देशही देऊ शकते. मग सेबी हा सरकारचाच भाग नव्हे काय?

उत्तर : नेमणुकीचा मुद्दा निर्णायक नाही, कारण उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही राष्ट्रपतीच नेमतात. निर्देशांचा मुद्दा अधिक वजनदार आहे. १९९२ च्या अधिनियमाच्या कलम १६ नुसार धोरणविषयक निर्देश सेबीवर बंधनकारक असतात आणि एखादा प्रश्न धोरणाचा आहे की नाही, याबाबत सरकारचाच निर्णय अंतिम असतो. तरीही माझ्या मते याच कलमातून उलट निष्कर्ष निघतो. सरकारी खात्याला आदेश देण्यासाठी मंत्र्याला असे खास कलम लागत नाही; येथे ते लागले, आणि शक्य असेल तेथवर सेबीला आधी आपले मत मांडण्याची संधी द्यावी, अशी तरतूदही त्यातच करावी लागली.

आपल्या अहवालातील वाक्य दलालांची नोंदणी किंवा त्यांच्या हिशेबवह्यांची तपासणी यांविषयी असेल, तर ‘सेबीची कार्यकारी कामे’ असे लिहिण्यास हरकत नाही. सर्व अधिकारांविषयी असेल, तर ‘वैधानिक’ किंवा संपादकांचा ‘नियामक’ हा शब्द ठेवावा.