कफ सिरप चिठ्ठीशिवाय विकूच नये का?

वैद्यविवेक (धागाकर्ता)

नशेसाठी कफ सिरप पिणाऱ्या मुलांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक, "खोकल्याचंच तर औषध आहे." दुसरा, "सगळीच बंद करा." माझं म्हणणं असं: कोडीनचं (हे अफूवर्गीय औषध) सिरप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुठेच मिळू नये, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन या खोकला दाबणाऱ्या औषधाचं (पुढे नुसतं 'डेक्स्ट्रो') १८ वर्षांखालच्यांना विकू नये.

कारण सांगतो. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम त्याचं मॉर्फिन बनवतं. बहुतेकांत साधारण ५ ते १० टक्के कोडीनचंच मॉर्फिन होतं, पण काहींत हे एन्झाइम जन्मतःच अतिवेगवान असतं. त्यांनी तेवढंच प्यायलं तरी रक्तात मॉर्फिन कितीतरी जास्त होतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषध नियामक संस्था) २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्यांसाठी कोडीन निषिद्ध ठरवलं ते यामुळेच.

गंमत म्हणजे डेक्स्ट्रोचं विघटनही हेच एन्झाइम करतं. तिथे धोका उलटा: ज्यांचं एन्झाइम मंद, त्यांच्यात औषध तासन्तास साचून राहतं. "माझ्या मित्रानं तेवढंच घेतलं, त्याला काही झालं नाही" या वाक्याला म्हणूनच काडीची किंमत नाही.

मोजूनमापून

असहमत. म्हणजे कोडीनबद्दल सहमत, डेक्स्ट्रोबद्दल नाही. वयाची अट घालून बाटलीत काय आहे ते बदलत नाही, आणि खरी गोम बाटलीतच आहे.

सर्दी-खोकल्याच्या मिश्र सिरपचं लेबल वाचा. १५ मिलिलिटरच्या मात्रेत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली कितीतरी आहेत. २४० मिलिलिटरच्या बाटलीत अशा १६ मात्रा, म्हणजे ५२०० मिलिग्रॅम. प्रौढांची दिवसभराची कमाल मर्यादा ४०००. पोराला पॅरासिटामॉल नकोच असतं, पण बाटलीबरोबर तेही पोटात जातं.

आणि यकृत लगेच ओरडत नाही. पहिल्या दिवशी मळमळ, थोडा घाम, कधी तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यासारखं होतं आणि घरचे निर्धास्त होतात. मग उजव्या बरगडीखाली दुखू लागतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्या ८ तासांत मूल बहुधा ठणठणीतच दिसत असतं!

तेव्हा आधी ही मिश्रणं मोडा, बाटल्या लहान करा, पॅरासिटामॉलचा आकडा लेबलवर ठळक छापा.

काचेची_बाटली

@मोजूनमापून, मिश्रणं मोडली की यकृत वाचेल, मान्य. पण नशा करणाऱ्याला एकट्या डेक्स्ट्रोची बाटली आयती मिळेल, त्याचं काय? आणि एकटं डेक्स्ट्रोही निरुपद्रवी नाही.

१९५८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती कोडीनला कमी व्यसनकारक पर्याय म्हणून. खोकल्यासाठी प्रौढांची मर्यादा २४ तासांत १२० मिलिग्रॅम. त्याच्या बरंच वर गेलं की ते मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर (पेशींवरचे संदेश घेणारे भाग) अडवतं: तोल जातो, भास होतात, हातपाय आपले वाटत नाहीत. अशा अवस्थेत जिना किंवा रस्ता हीच मोठी जोखीम.

त्यात मूल नैराश्याच्या गोळ्या घेत असेल तर प्रकरण वेगळंच. डेक्स्ट्रो मेंदूतलं सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वाढवतं, फ्लुओक्सेटिन-पॅरोक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्याही वाढवतात. शिवाय या दोन गोळ्या वर सांगितलेलं एन्झाइमच बंद पाडतात. दुहेरी मार. थरथर, घाम, जुलाब, चढता ताप. पाऊल झटकन वर दाबलं तर ते आपोआप थडथडत राहतं. हा सेरोटोनिन सिंड्रोम, आणि यात जीव जाऊ शकतो.

रात्रपाळी

कायद्याचं चालू द्या, पण समोर मूल पडलेलं असेल तेव्हाचं लिहितो.

डोळ्यांच्या बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास संथ असेल तर कोडीनचा संशय. मोठ्या, कातडी कोरडी नि गरम, तोंड सुकलेलं, असंबद्ध बडबड आणि लघवी अडलेली असेल तर सिरपमधलं क्लोरफेनिरामिनसारखं ॲलर्जीचं औषध. त्यात झटकेही येऊ शकतात. बाहुल्या मोठ्या, अंग घामेजलेलं आणि थरथर असेल तर डेक्स्ट्रो किंवा सेरोटोनिन. मिश्रणात ही चित्रं एकमेकांत मिसळतात, म्हणून बाटली सोबत न्याच, रिकामी असली तरी.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला १० च्या खाली, ओठ निळसर किंवा घोरल्यासारखा घरघर आवाज, म्हणजे ती झोप नव्हे. लगेच रुग्णवाहिका. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब. उलटी करवू नका, गुंगीत ती फुफ्फुसात जाते. नॅलोक्झोन (कोडीनसारख्या अफूवर्गीय औषधांवरचा उतारा) असेल तर द्या, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि कोडीन त्यापेक्षा जास्त टिकतं. उठून बसला म्हणून घरी ठेवायचा नाही.

"झोपू दे, उतरेल" हा सर्वांत वाईट सल्ला. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर अधिकच.

वैद्यविवेक

@मोजूनमापून, निर्बंधांनी काही होत नाही असं तुम्ही सुचवताय. ऑस्ट्रेलियानं १ फेब्रुवारी २०१८ पासून कोडीनला चिठ्ठी सक्तीची केली. त्यानंतर कोडीनच्या विषबाधेबद्दल विषबाधा मदतकेंद्राला येणारे फोन जवळपास निम्म्यावर आले.

मोजूनमापून

बरोबर, पण तिथला मोठा वाटा पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मिसळलेल्या कोडीनच्या गोळ्यांचा होता. त्यावरून डेक्स्ट्रोच्या सिरपचा निष्कर्ष कसा काढता? तुमच्या बाजूचं जवळचं उदाहरण कॅलिफोर्निया आहे; तिथे २०१२ पासून १८ वर्षांखालच्यांना डेक्स्ट्रो चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. पण घरच्या कपाटातली अर्धी बाटली कोणाचं वय विचारते?

काचेची_बाटली

कपाटाचा मुद्दा मान्य. मग उरलेलं सिरप ठेवायचंच कशाला? साध्या सर्दीच्या खोकल्यात ही औषधं कितपत उपयोगी, याचाही भक्कम पुरावा नाही.

रात्रपाळी

जाता जाता एक, डॉक्टर मंडळींसाठी. पुष्कळ सिरपमधलं डेक्स्ट्रो हायड्रोब्रोमाइड रूपात असतं. महिनोन्महिने पिणाऱ्यात ब्रोमाइड साचतं: विसराळूपणा, चिडचिड, तोंडावर मुरमांसारखे फोड. काही यंत्रं ब्रोमाइडलाच क्लोराइड समजतात, म्हणून अहवालात क्लोराइड खोटंच वाढलेलं दिसतं. आणि लघवीची नेहमीची अफूवर्गीय चाचणी डेक्स्ट्रो पकडत नाही. ती 'निगेटिव्ह' आली म्हणून पालकांना निश्चिंत करू नका.