पुणे ते सासवड चालायचंय, आईला झेपेल का?

हडपसरकर:
माऊलींच्या पालखीसोबत यंदा एकच दिवस चालायचं ठरवलंय, पुणे ते सासवड. आई पण येते म्हणतेय. वय ६१, रोज तासभर फिरते पण गुडघा अधूनमधून धरतो, त्यात एकादशी म्हणजे तिचा कडक उपवास. दिवे घाट झेपेल का? आणि रात्री परत कसं यायचं?

घाटमाथा:
अख्खा टप्पा तीस-बत्तीस किमी आहे हो, वारीतला मोठ्यातला मोठा, आईंना भवानी पेठेपासून, म्हणजे पुण्यातल्या मुक्कामापासून, नका चालवू. हडपसरला तुकोबांची पालखी लोणीकडे वळते आणि आपली सासवड रस्त्याला लागते, तिथून पुढे गर्दीत गाडी घुसत नाही म्हणून सकाळीच घाटाच्या पायथ्याला वडकीला जाऊन बसा. तिथून सासवड निम्म्याहून कमी. घाट चारेक किमीचा, चढ सलग आहे पण डांबरी रस्ता, आणि दिंडीच्या चालीने गेलं की दम लागत नाही खरंच. ऊन असेल तर घाटात सावली अजिबात नाही, टोपी न् पाणी हवंच. उपवासाची काळजी नको, केळी, राजगिऱ्याचे लाडू, खिचडी वाटेत जागोजागी देतात.

तुळस_वृंदावन:
मी सासवडची. एक कळकळीने सांगते, रथाला जादा बैलजोड्या लावून घाट चढवतात तो फोटो काढायला सगळे कठड्यावर चढतात आणि वर पोचले की घरी पळतात. तसं करू नका. कुठल्यातरी दिंडीच्या वीणेकऱ्यांना (गळ्यात वीणा असते ते) विचारून मागे चाला, मधे घुसू नका, आईंना बायकांमधे चालू दे, त्या बरोबर सांभाळून घेतात. आणि संध्याकाळची समाजआरती बघाच. चोपदारांनी (शिस्त राखणारे मानकरी) चोप म्हणजे हातातला दंड वर केला की एवढा समाज एकदम गप्प होतो, फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतात, हरवलं-सापडलं पुकारतात आणि नंतर आरती. हे बघितल्याशिवाय वारीची शिस्त कळायची नाही.

पायी_पायी:
नवे बूट घालू नका, पाऊस आला तर मोजे भिजून फोड येतात, जादा जोड ठेवा. घाट गाड्यांना बंद असतो, परतीच्या बस बोपदेव घाटातून वळवतात, रात्री त्यांना तोबा गर्दी. जमलं तर मुक्कामच करा, पालखी बहुतेक दोन रात्री सासवडला असते.

हडपसरकर:
सगळ्यांना धन्यवाद! वडकीपासून नक्की. सासवडला आत्याचे दीर राहतात त्यांना विचारतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन पण होईल, आई त्यासाठी कधीची मागे लागलीये.