मदत हवी आहे: १० बिट ४:२:२ एचईव्हीसी फाइल अडखळते

मंडळी, एका एमपी४ फाइलीत आवाज अखंड चालतो, चित्र मात्र दोन-तीन सेकंद गोठतं आणि मग उडी मारून पुढे जातं.

मीडियाइन्फो (फाइलीचा तपशील दाखवणारा प्रोग्रॅम) सांगतं: एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), १० बिट, क्रोमा ४:२:२ (म्हणजे नेहमीच्या ४:२:० पेक्षा रंगांची माहिती जास्त), ३८४० × २१६०, सेकंदाला ५० फ्रेम. प्रोसेसर इंटेलचा सातव्या पिढीचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

करून झालेलं आधीच सांगतो, म्हणजे तेच सल्ले परत नकोत. एमकेव्हीत रीमक्स केलं (तेच चित्र-आवाज दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत भरलं), उपयोग शून्य. डबा बदलला तरी आतला माल तोच. कोडेक पॅकचं (जादा डीकोडरांच्या गठ्ठ्याचं) नाव काढू नका, प्लेअरमध्ये डीकोडर, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडणारा भाग, आहेच. हार्डवेअर डीकोडिंग (हे उलगडणं ग्राफिक्सच्या भागाकडून करून घेणं) चालू ठेवा की बंद, फरक नाही, कारण ही चिप १० बिट एचईव्हीसी ४:२:० असेल तरच डीकोड करते. ४:२:२ आलं की सगळा भार सीपीयूवर. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ९८ टक्के आणि जीपीयूच्या 'व्हिडिओ डीकोड' आलेखात सपाट रेघ!

आता विचारायचं ते असं. एमपीव्ही प्लेअरमध्ये लूप फिल्टर (चौकोनांच्या कडा मऊ करणारा टप्पा) वगळला तर चित्र बघण्याइतपत राहतं का, की चौकोन दिसायला लागतात?

दुसरं, फक्त बघण्यासाठी एफएफएमपेगने (व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्रॅम) १० बिट ४:२:० प्रत काढायची आहे (मूळ फाइल ठेवणारच). एक्स२६५ला (सीपीयूवर चालणारा एचईव्हीसी एन्कोडर) सीआरएफ (दर्जाचा आकडा, कमी म्हणजे दर्जा जास्त) १८ ठीक, की २० पुरे? क्विक सिंकने (इंटेल चिपमधला हार्डवेअर एन्कोडर) काम लवकर उरकेल, पण अंधाऱ्या दृश्यांत रंगांचे पट्टे उठतात का? कोणी दोन्ही प्रती शेजारी लावून पाहिल्या असतील तर सेटिंगसकट लिहा.