हरलेल्या मताचं काय करायचं?

प्रश्न:
अठराव्या शतकातला तत्त्वज्ञ रूसो ‘सामाजिक करारा’त (१७६२) म्हणतो, माझं मत मतदानात हरलं म्हणजे माझीच चूक झाली होती, लोकेच्छा काय आहे ते मला ओळखता आलं नाही. दोन आठवडे हे डोक्यातून जात नाहीये. वर झालेले हात मोजून माझ्या युक्तिवादातली चूक कशी सापडेल? बरं, खरं-खोटं बाजूला ठेवून ‘सगळ्यांना समान संधी मिळाली, म्हणून निकाल मान्य’ म्हणावं, तर नाणं उडवूनही ती मिळतेच. मग मतदान कशाला?

प्रतिसाद १:
फ्रेंच गणिती काँदोर्सेचं १७८५ चं गणित करून पाहा. प्रत्येकाची बरोबर असण्याची शक्यता ६० टक्के धरा. तिघांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता ६४.८ टक्के येते, १०१ जणांचं जवळपास ९८. नाण्याला हे जमत नाही.

प्रश्नकर्ती:
वहीत केलं. मग ६० च्या जागी ४० घातले. तिघांचं ३५.२ आलं आणि १०१ जणांचं जेमतेम २! म्हणजे माहितीच चुकीची असेल तर गर्दी वाढेल तशी चूक पक्की होत जाते. शिवाय प्रत्येकाने स्वतंत्र विचार केलाय, हे त्यात गृहीतच आहे. सगळे एकाचंच ऐकून आले असतील तर ते १०१ नव्हेत, एकच मत.

प्रतिसाद २:
म्हणून जाणकारांच्या हाती कारभार द्यावा का? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये सुशिक्षितांना जादा मतं सुचवली होती. मला ते मुळीच मान्य नाही. कायद्याचा काच कुठे बसतो हे ज्याला बसतो त्यालाच ठाऊक; जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. हे ज्ञान मतपेटीतून येतं, पदवीतून नाही. आणि डेव्हिड एस्टलंड हा आजचा अमेरिकी तत्त्वज्ञ म्हणतो तसं, तुमचं बरोबर असेलही, पण तेवढ्याने तुम्हाला हुकूम सोडायचा अधिकार मिळत नाही. त्याच्या मते पद्धत नाण्यापेक्षा सरस हवी आणि तिचं समर्थन सगळ्या वाजवी माणसांना पटण्याजोगं हवं. एखादा निकाल चुकला तरी तिचा अधिकार जात नाही.

प्रश्नकर्ती:
हे पटलं. निकाल पाळायचा, पण माझंच चुकलं असं कबूल करायची गरज नाही. पुढच्या वेळी तोच मुद्दा पुन्हा मांडता येतो. एक गाठ मात्र सुटलेली नाही. संशोधक फ्रान्सिस गॉल्टनने एका जत्रेतल्या स्पर्धेचे आकडे तपासले होते: बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, यावर ७८७ जणांचे अंदाज. ते क्रमाने लावल्यावर मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, खरं वजन ११९८. तिथे शेवटी तराजू होता. धोरणाच्या बाबतीत पद्धत नाण्यापेक्षा सरस आहे, हे कशावर तोलायचं?