जावा: नावांचा ॲरे सॉर्ट करताना ‘ळ’चा घोळ – मदत हवी आहे

मंडळी, गावच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी छापायची आहे. आडनाव आधी, सगळी नावं मराठीत, एका स्ट्रिंग ॲरेमध्ये. साधं ॲरेज.सॉर्ट लावलं तर काळे, कावळे, कासार असा क्रम येतो. ग्रंथपाल बाईंनी लगेच बोट ठेवलं: ‘ळ’ तर ‘ह’च्या नंतर, मग काळे शेवटी नकोत का?

म्हणून स्वतःचा कम्पॅरेटर (दोन नावांत कोण आधी हे ठरवणारा कोड) लिहिला. दोन नावांत पहिल्यांदा जिथे फरक पडतो तिथे थांबायचं. पहिल्या नावात त्या जागी ‘ळ’ असेल तर १ परत करायचा, नाहीतर नेहमीचं कम्पेअरटू (जावाची तयार तुलना). पंचवीसेक नावांवर छान चाललं. पूर्ण यादी दिली की ‘कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट’ (तुलनेची पद्धत ठरलेला नियम मोडते) म्हणून एक्सेप्शन, म्हणजे एरर येऊन प्रोग्रॅम थांबतो. अर्धी यादी दिली तर कधी येतं, कधी नाही. जावा १७, विंडोज.

नेटवर ‘युजलेगसीमर्जसॉर्ट’ हा पर्याय ट्रू करायला सांगितलंय. तो केला की एरर जातो. तसंच ठेवू का?

प्रतिसाद १
अजिबात नको. काळे–कासार विचारलं की तुमचा कम्पॅरेटर १ देतो, म्हणजे काळे नंतर. आता उलट विचारा. कासारमध्ये ‘ळ’ नाही, म्हणून कम्पेअरटू चालतं. ‘स’चा युनिकोड (संगणकातला अक्षराचा क्रमांक) ०९३८, ‘ळ’चा ०९३३, उत्तर ५. म्हणजे कासारही नंतर! रांगेत दोघंही एकमेकांच्या मागे उभे.

ऑब्जेक्टच्या ॲरेसाठी जावा ७ पासून (२०११) टिमसॉर्ट ही सॉर्टिंगची पद्धत आहे. घटक ३२ पेक्षा कमी असले तर तो नुसता बायनरी इन्सर्शन सॉर्ट (एकेक घटक घेऊन त्याच्या जागी घुसवणं) करतो आणि त्यात ही विसंगती पकडलीच जात नाही. तुमच्या पंचवीस नावांचा क्रमही एकदा डोळ्यांनी तपासा, चुकलेला असू शकतो. मोठ्या ॲरेत तुकडे मर्ज करताना हिशेब अडला तरच एक्सेप्शन येतं, म्हणून ते असं लहरी वाटतं. तो जुना पर्याय जावा ६ चा मर्ज सॉर्ट परत आणतो. तो तक्रार करत नाही, इतकंच. यादी चुकीचीच छापली जाईल.

धागाकर्ता
आलं लक्षात. मग दुसऱ्या नावातही ‘ळ’ बघून तिथे उणे १ परत केला तर?

प्रतिसाद २
एक्सेप्शन जाईल, पण कळसकर जातील काटेंच्या मागे. तिथे ‘ळ’ची गाठ कान्याशी पडते ना! कुठल्याही कोशात ‘क’चे शब्द संपल्यावर ‘का’ सुरू होतो. ‘ळ’ला हवी ती जागा ‘ह’च्या नंतर पण कान्याच्या आधी. युनिकोडमध्ये नेमका तिथे अवग्रह बसलाय, आणि आडनावात अवग्रह कोण लिहितंय? तेव्हा तुलनेपुरता ‘ळ’च्या जागी तो घाला:

ॲरेज.सॉर्ट(नावं, कम्पॅरेटर.कम्पेअरिंग(न -> न.रिप्लेस('ळ', 'ऽ')));

मूळ नावांना धक्का लागत नाही, आणि कम्पॅरेटर हाताने लिहायचा नसल्याने कॉन्ट्रॅक्ट मोडायचा प्रश्नच नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि जावासीला (जावाच्या कम्पायलरला) एन्कोडिंगही तेच सांगा. जावा १८ पासून ते आपोआप होतं, तुमच्या १७ ला विंडोजवर सांगावं लागेल.

प्रतिसाद ३
वरचा जुगाड आवडला! पण यात क्षीरसागर ‘क’च्या शेवटी, म्हणजे ‘कौ’च्याही नंतर येणार. क्ष, ज्ञ वर्णमालेसारखे अगदी शेवटी हवे असतील तर आयसीयूफोरजे ही तयार कोडची लायब्ररी घ्या. तिच्या रूलबेस्डकोलेटरला (नियमांनुसार क्रम लावणाऱ्या भागाला) ‘ह’नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ असा नियम स्वतः देता येतो. एका यादीसाठी मला ते जड वाटतं, वाचनालयाची पूर्ण सूची करणार असाल तर जरूर करा.

धागाकर्ता
कावळे, कासार, काळे! कळसकरही काटेंच्या आधी आले. क्षीरसागर ‘क’मध्येच शोधायची आमच्याकडे सवय आहे, तेव्हा लायब्ररी नको. एकच राहिलं: काही नावांच्या आधी ‘ॲड.’ आहे, ती सगळी यादीच्या तळाला गेली.

प्रतिसाद २
‘ॲ’चा कोड ०९७२, सगळ्या व्यंजनांच्या पुढे. त्याच रिप्लेसला जोडून आणखी एक रिप्लेस लावला की ती ‘अ’मध्ये येतील. पण वकील मंडळी आडनावाने शोधली जाणार ना? मग तुलनेआधी ‘ॲड.’ उडवूनच टाका.