दारावर एल्ड्रिच ब्लास्ट का चालू नये?

लाकूडतोड्या: गेल्या शनिवारी आमच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या डावात (पात्रं घेऊन, फाशांवर चालणारा खेळ) पाऊण तास एका दारापायी गेला. साधं लाकडी दार, पलीकडे गॉब्लिन. वॉरलॉक या जादूगार पात्रानं एल्ड्रिच ब्लास्ट, म्हणजे जादूचा झोत, मारला. डीएम (डाव चालवणारा) म्हणाला, "स्पेलमध्ये (मंत्रात) 'क्रीचर' लिहिलंय. दार क्रीचर नाही, काही होत नाही." लगेच विझार्ड या दुसऱ्या जादूगारानं फायर बोल्ट, म्हणजे आगीचा झोत, मारला, तो चालला! का, तर त्यात 'क्रीचर किंवा ऑब्जेक्ट' आहे. दोन्ही कँट्रिप (कितीही वेळा फुकट मारता येणारे साधे स्पेल), दोन्हींची रेंज १२० फूट, दोन्हींच्या डॅमेजला डी१०, म्हणजे दहा बाजूंचा फासा. (आम्ही २०१४ चे नियम खेळतो.) रिपेलिंग ब्लास्ट ही वॉरलॉकची जादा शक्ती घेतली की हाच झोत ओग्रसारख्या धिप्पाड राक्षसाला दहा फूट मागे ढकलतो, आणि दाराची फळी हलत नाही? शब्दांचा किती कीस पाडायचा?

नियमावर बोट: डीएमचं बरोबर आहे. एल्ड्रिच ब्लास्ट आधीच लाडावलेली कँट्रिप. पात्राच्या ५, ११, १७ लेव्हलला एकेक झोत वाढतो, आणि त्याचा फोर्स डॅमेज (निव्वळ जादूचा मार) अडवणारे राक्षस शोधावे लागतात. आग अडवणारे पैशाला पासरी. वस्तू फोडता न येणं ही त्याची किंमत आहे. शिवाय स्लॉट (मोठे स्पेल मारायला मिळणाऱ्या मोजक्या संधी) खर्च होत नाही, मग वॉरलॉक दिवसभर भिंतीच पाडत बसेल.

लाकूडतोड्या: फायटरची कुऱ्हाडही फुकटच चालते की. लाकडाचा एसी (घाव बसायला गाठायचा आकडा) १५, मोठ्या दणकट वस्तूचे सरासरी २७ हिट पॉइंट्स (तेवढा मार बसला की ती मोडते). दार तरी पडेल. किल्ल्याच्या भिंतीला डॅमेज थ्रेशोल्ड (त्याहून कमी मार बसला तर काहीच होत नाही) लावा, विषय संपला.

पेटीत कोण: मिमिकचं, म्हणजे पेटीसारख्या वस्तूचं सोंग घेणाऱ्या राक्षसाचं, काय? 'फक्त क्रीचर' धरलं की प्रत्येक पेटीवर ब्लास्ट मारायचा. लागला तर मिमिक, नाहीतर पेटी. आमच्या 'रोग'नं (चोर पात्रानं) पेट्या तपासणं सोडूनच दिलं होतं. डीएम बिचारा शेवटी खुर्च्यांचे मिमिक करायला लागला.

नियमावर बोट: हा मुद्दा मान्य, तिथे नियम लंगडा आहे. पण म्हणून सगळ्या स्पेलनी सगळं फोडायचं का? शॅटर हा स्पेल बघा. दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, ३डी८ (आठ बाजूंचे तीन फासे), आणि कुणी हातात न धरलेल्या, अंगावर न घातलेल्या साध्या वस्तूंनाही डॅमेज होतो असं त्यात स्वच्छ लिहिलंय. लोक तो त्यासाठीच घेतात. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा, ८डी६, तरी वस्तू नुसत्या पेटवतो. तुमच्या हिशोबानं तोही दार उडवणार, मग शॅटर घेणार कोण?

जुनं खोड: पोरांनो, १९७९ च्या नियमांत फायरबॉल अंगावर आला की पोशन, स्क्रोल, प्रत्येकाचा वेगळा सेव्ह (वस्तू वाचते का ते ठरवणारा फासा) टाकायचो. अर्धा तास नुसते फासे. तिसऱ्या आवृत्तीत हार्डनेस (वस्तूचा कठीणपणा) आला: लाकूड ५, लोखंड १०, दर घावातून तेवढं वजा. आगीचं तर आधी निम्मं करायचं, मग वजाबाकी. मला तेच पटतं. स्पेल कुठलाही असो, उत्तर दारानं द्यावं.

पेटीत कोण: २०२४ च्या नियमांत एल्ड्रिच ब्लास्टला 'क्रीचर किंवा ऑब्जेक्ट' केलंय. लेखकांनीच माघार घेतली राव.

नियमावर बोट: मग २०२४ चे खेळा! अर्ध्या खेळात एक ओळ नव्या पुस्तकातून, एक जुन्यातून, असं नको. आणि आधी डीएमला विचारा, दार पडल्यावर ओरडू नका.

लाकूडतोड्या: पडलंच नाही हो. फायर बोल्टनं पेटलं, आणि आम्ही सगळे त्याच धुरात उभे आहोत. पुढचा डाव शनिवारी.